लव्हाळ्यातली सावली

४ मार्च

ताई,

वर मायना काय लिहावा हे दोनदा खोडून झालं, म्हणून नुसतं ताई.

मला रजेवर पाठवलं आहे. दोन महिने. मी मागितली नव्हती. गेल्या सोमवारी गर्भाशयमुखाच्या तपासणीच्या साठ स्लाईडपैकी एक्केचाळीस मी संशयास्पद म्हणून बाजूला काढल्या. कर्करोगाची वाटणारी पेशी दिसली की आम्ही काचेवर शाईचा बारीक ठिपका देतो, म्हणजे डॉक्टरांना नेमकी जागा सापडते. माझ्या काचा गोवर आल्यासारख्या दिसत होत्या. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी त्यातल्या दहा स्वतः पाहिल्या. दहाच्या दहा स्वच्छ. मग मला केबिनमध्ये बोलावून म्हणाल्या, "तुम्हाला आता सगळीकडे तेच दिसतंय. घरी जा." बावीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी घरी जा म्हटलं नव्हतं.

त्यांनीच एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. वयाने माझ्याहून बरीच लहान, बोलणं एकदम हळू, जसं काही शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय. म्हणाली, रोज एकाच ठिकाणी बसायचं, उघड्यावर, झाडं-पाणी असेल तिथे. वीस मिनिटं. दिसेल ते नुसतं बघायचं. लगेच नाव द्यायचं नाही, निष्कर्ष काढायचा नाही. मन भटकलं की हळूच परत आणायचं. आणि नंतर काय दिसलं ते दोन ओळींत वहीत लिहायचं.

मी म्हटलं, "बाई, बघणं हाच माझा धंदा आहे."

ती म्हणाली, "म्हणूनच."

शहराबाहेर पाणीपुरवठ्याचं तळं आहे, तू आली होतीस तेव्हा आपण त्याच्या कडेने गेलो होतो, तिथे एक सिमेंटचा बाक आहे. आज पहिला दिवस. वहीत लिहिलं ते असं: पाणी. पलीकडे पंपघर. समोर लव्हाळे, माणसाच्या छातीएवढे. वारा नाही. वीस मिनिटांत मी अकरा वेळा घड्याळ पाहिलं.

तुझ्या स्लाईडबद्दल मी नोव्हेंबरात जे सांगितलं तेच आहे. पाहिली, पण दिसलं नाही. तुझी गाठ निघाल्यावर डॉक्टरीणबाईंनी ती जुनी काच काढून तपासली तेव्हा एका कडेला थोड्या पेशी सापडल्या, आणि त्या स्वतःच म्हणाल्या की शंभरात काही काचा सुटतातच. त्यावर पुन्हा लिहीत नाही.

भावोजी कळवतात मला तुझ्या तब्येतीचं. त्यांच्यावर चिडू नकोस.

धाकटी

९ मार्च

ताई,

सहा दिवस झाले. आता घड्याळ तीनदाच पाहते.

काल पंपघरातला माणूस येऊन उभा राहिला. साठीचा असेल, खाकी अर्धी चड्डी, पायात गमबूट, कानावर पेन्सिल. मी त्यांना मनातल्या मनात पंपकाका म्हणते. बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "बाई, राग मानू नका. जीवबीव द्यायचा विचार नाही ना?"

"नाही हो."

"नाही म्हणजे इथे पाणी कमरेएवढंच आहे. उगाच चिखल होईल."

मी म्हटलं, डॉक्टरांनी बसायला सांगितलंय. त्यांना ते लगेच पटलं. "बरं आहे. मला चौतीस वर्षं झाली बसून, अजून कुठल्या डॉक्टरला भेटलो नाही," असं म्हणून हसत निघून गेले.

वहीतलं तुला पाठवते. तिसरा दिवस: लव्हाळ्यात डावीकडे काळी सावली. पाण्यावर लांब पायांचे किडे, पाय टेकतात तिथे पाणी खळगा पडल्यासारखं वाकतं, पण फाटत नाही. पाचवा दिवस: सावली तशीच. एक टाचणी (तो चतुरासारखा बारीक किडा, तू लहानपणी दोऱ्याला बांधायचीस) पानाच्या टोकावर बसली, उडाली, पुन्हा त्याच टोकावर बसली. सात वेळा. सहावा दिवस: बगळा. पाऊल उचलून विसरल्यासारखा उभा.

बघ, जमतंय मला. समुपदेशक बाईला वही दाखवली तर ती म्हणाली, छान, पण घाई दिसते. मला राग आला. तुला माहीत आहे लॅबमध्ये मला काय म्हणतात ते. मशीन. ते कुणी चेष्टेने म्हणत नाही, कौतुकाने म्हणतात. जिथे बाकीच्या साठ काचा वाचून मान चोळत बसतात तिथे मी नव्वद केल्या आहेत.

तिसरा डोस जड गेला असं भावोजी म्हणाले. तोंडाला फोड आले असतील तर गार पाण्यात चमचा बुडवून नुसता तोंडात धर. इथल्या एका पेशंटने सांगितलं होतं.

धाकटी

१५ मार्च

ताई,

आज थोडंच लिहिते.

मी बाकावर बसले होते. पंपकाका किल्ल्या वाजवत आले आणि कुजबुजत म्हणाले, "कशी आहे आज? उठली का?"

"कोण?"

"कोण म्हणजे? कोंबडी. रोज तिच्याकडेच बघत बसता ना तुम्ही?"

मी म्हटलं, "कुठली कोंबडी?"

त्यांना वाटलं मी गंमत करते आहे. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी बोट केलं. लव्हाळ्यात डावीकडे. बाकापासून सहा पावलं असेल, जास्त नाही. मोडलेल्या काड्यांची एक बैठक, आणि तिच्यावर काळसर पाणकोंबडी. कपाळावर लाल टिकलीसारखा डाग, चोचीचं टोक पिवळं, कुशीला पांढरी रेघ. माझ्याकडेच बघत होती. डोळासुद्धा लाल होता ताई.

"दहाएक दिवस झाले बसून," पंपकाका म्हणाले. "सात अंडी आहेत. पाणी वर आलं तर बुडतात, म्हणून मी वीतभर खालीच ठेवतो. साहेबांना बोलू नका."

मी वही काढली. तिसरा दिवस, सावली. पाचवा, तशीच. आठवा, तशीच. दहावा, तशीच. अकरा दिवस मी सकाळी गेले, संध्याकाळी गेले, ऊन एकदा पाठीवर होतं, एकदा तोंडावर. सावली उन्हाबरोबर सरकते हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मी पहिल्यांदा सावली लिहिलं आणि त्यानंतर तिकडे पाहिलंच नाही. पुढच्या दिवसांचं मी आधीचं बघून लिहिलं होतं.

पंपकाका म्हणाले, "होतं असं. ती लपायलाच बसलेली असते." माणूस भला आहे. पण ती लपली नव्हती.

धाकटी

१९ मार्च

ताई,

चार दिवस तळ्यावर गेले नाही. आज गेले आणि तिथेच बसून हे लिहिते आहे.

काल भावोजींना फोन केला होता. मी विचारलं, पत्रं मिळतात का तिला? ते अडखळले. मग म्हणाले, "मिळतात. उशीजवळच्या कपाटात ठेवते. फोडत नाही." मी म्हटलं, असू दे. फोन ठेवल्यावर मला खरं तर हलकं वाटलं. तू फोडत नाहीस म्हणूनच पुढचं लिहायचा धीर होतोय, हेही लिहूनच टाकते.

तुझी स्लाईड मी पाहिली नाही.

काच भिंगाखाली ठेवली होती. मधला पट्टा पाहिला, फार तर तिसरा हिस्सा. एक काच नीट वाचायला सहा मिनिटं लागतात. वरपासून खालपर्यंत, शेतात नांगर फिरतो तशी, एक ओळ पुढच्या ओळीवर थोडी चढवत, कड न सोडता. मी तुझ्या काचेला दीड मिनिट दिलं असेल.

तो दिवस तुला आठवतच असेल. आदल्या दिवशी तू नमुना देऊन गेली होतीस, आणि त्या दिवशी आपल्याला पडद्याचं कापड बघायला जायचं होतं. तू बाहेर बाकावर बसली होतीस, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. दाराच्या काचेतून मला तू दिसत होतीस. मला वाटलं, हिचा जीव लगेच हलका करावा. मी तुझी काच ट्रेमधून क्रम मोडून वर काढली. मधला पट्टा स्वच्छ होता. मनात आलं, ताईला काय व्हायचंय. "दोष नाही" लिहिलं, सही केली, बाहेर आले आणि म्हटलं, "काही नाही, चल."

नोव्हेंबरात तुझ्या लेकीने फोनवर एकच प्रश्न विचारला होता. "मावशी, तू ती नीट पाहिली होतीस ना?" मी म्हटलं, "सगळी पाहिली गं. दिसलंच नाही." मग तुम्ही दोघीही गप्प झालात. मला वाटायचं की तुम्ही माझ्या चुकीबद्दल रागावलात आणि चूक तर कुणाचीही होते, म्हणून मलाही थोडा राग होता तुमच्यावर. हे वाचून तुला हसू येईल. कदाचित नाही येणार.

आणि ते एवढ्यावर संपत नाही. तुझी काच आली तेव्हा माझी लॅबमधली जोडीदारीण बाळंतपणाच्या रजेवर होती. सात आठवडे तिच्या काचाही मीच वाचत होते. दिवसाला ऐंशी, कधी नव्वद. मशीन. त्यातल्या किती मी पूर्ण पाहिल्या, मला सांगता येत नाही. पहिल्या दोन-तीन जागा पाहून पुढचं मला ठाऊक असायचं. म्हणजे तसं वाटायचं.

कोंबडी बसली आहे. मघाशी नर आला, ती उतरली, तो बसला. उतरताना तिने एक काडी उचलून कडेला नीट लावली.

धाकटी

२६ मार्च

ताई,

तुझ्या लेकीला फोन केला होता, तिने सांगितलं असेल किंवा नसेल. मी म्हटलं, "तू नोव्हेंबरात विचारलंस त्याचं खोटं उत्तर दिलं मी. मी पूर्ण पाहिली नव्हती."

तिने विचारलं, "हे आत्ता का सांगतेस?"

मी काहीतरी बोलायला लागले. ती म्हणाली, "मावशी, मी ऑफिसात आहे," आणि फोन ठेवला. बरोबर आहे तिचं.

त्यानंतर मी लॅबमध्ये गेले. डॉक्टरीणबाई जेवायला बसत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, तुझं आणि त्या सात आठवड्यांचंही. त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं.

"तुम्ही बोललात ते कळतंय ना तुम्हाला?"

"हो."

"तीन हजारांवर काचा आहेत त्या. सगळ्या पुन्हा वाचाव्या लागतील. बाहेरून माणसं आणावी लागतील. वर कळवावं लागेल."

"हो."

"तुम्ही सांगितलं नसतं तर मला जन्मात कळलं नसतं."

"म्हणूनच आले."

त्यांनी डबा बाजूला सारला. मग जे बोलल्या ते मी इथे सगळं लिहीत नाही. आवाज चढवला नाही त्यांनी, पण बावीस वर्षांत मी त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "मी तुमच्या बहिणीला स्वतः समजावलं होतं की असं होतं म्हणून. माझ्या तोंडून तुम्ही ते वदवलंत."

बाहेर आले तर जोडीदारीण पाण्याच्या माठापाशी उभी होती. तिने दारातून ऐकलं असणार. म्हणाली, "अगं, माझ्याही काचा तुझ्यावर पडल्या होत्या, त्याचं काय?" मी म्हटलं, "पडल्या नव्हत्या, मी हौसेने घेतल्या होत्या." ती म्हणाली, "तरीपण." आणि मग माझ्या हातात पेला दिला.

संध्याकाळी तळ्यावर वीस मिनिटं बसले. त्या दिवशी वहीत काहीच लिहिलं नाही. बघितलं मात्र.

धाकटी

२ एप्रिल

ताई,

पिल्लं निघाली. सातातून सहा. काळ्या लोकरीचे गोळे, डोकं जवळजवळ टकलं आणि चोच लालभडक, लिपस्टिक लावून कुणी पळ काढावा तशी. पहिल्याच दिवशी एक पाण्यात पडलं की उतरलं, देव जाणे, पण पोहायला लागलं. पंपकाका दोन्ही हात पाठीमागे बांधून असे उभे होते, जणू आजोबाच.

मी विचारलं, "तुम्ही रोज एवढं सगळं बघता, लिहून का ठेवत नाही?"

"लिहिलं की विसरायला होतं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आणि अक्षर चांगलं नाही."

आता मी वीस मिनिटं म्हणून बसते आणि पाऊण तास होतो. सावकाश बघायला लागलं की आधी कंटाळा येतो, मग भीती वाटते, आणि ती भीती टिकून राहिली की मग एकेक वस्तू आपणहून वेगळी व्हायला लागते. आधी मला लव्हाळे दिसायचे. आता दिसतं की काही पाती मधोमध वाकली आहेत, काहींच्या टोकाला गोगलगाईचा चिकट माग सुकलाय आणि एकाच्या बुंध्याशी चतुराची रिकामी कात अजून सहा पायांनी घट्ट धरून बसली आहे. भीती कशाची ते विचारू नकोस. बघितल्यावर काय दिसेल याचीच.

काचा पुन्हा वाचायचं काम सुरू झालं आहे. मला तिकडे फिरकायला मनाई आहे. तुझ्या चौथ्या डोसची तारीख भावोजींनी सांगितली. मी त्या दिवशी फोनजवळ असेन, तू करावा म्हणून नाही, असंच.

धाकटी

११ मे

ताई,

पत्राला एवढा उशीर झाला कारण सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि आता एकदम आलं.

काचा वाचून झाल्या. तीन हजार तीनशे बारा. नऊ जणींना पुन्हा बोलावलं. सात जणींचं काही निघालं नाही. एकीला छोटा उपचार करून त्याच दिवशी घरी सोडलं. एकीची शस्त्रक्रिया झाली. वेळेत झाली असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अजून सहा महिने गेले असते तर मी तुम्हाला हे वाक्य सांगू शकले नसते."

नियमाप्रमाणे मला तिचं नाव कळायचं कारण नाही. मी फक्त नंबर पाहिला. पण गेल्या मंगळवारी मी कागदांवर सह्या करायला गेले होते तेव्हा बाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती. पस्तिशीची असेल. ती शाळेची बस चालवते, हे ती शेजारणीला सांगत होती, सुट्टीत बस बंद असते म्हणून बरं झालं, नाहीतर पोरांना कुणी आणलं असतं. ती तीच होती की नाही, मला माहीत नाही. मी तिच्या शेजारून जाताना पाय उचलायला विसरले होते जवळजवळ. तिने वर पाहून विचारलं, "आत नंबर लागलाय का हो?" मी म्हटलं, "लागेल आत्ता."

माझं काच वाचण्याचं काम गेलं. कायमचं. नोकरी ठेवली आहे, पण नमुने घ्यायच्या खिडकीवर. बाटलीवरचं नाव आणि कागदावरचं नाव जुळतं की नाही ते बघायचं, चिठ्ठी लावायची, ट्रेमध्ये ठेवायची. लोकांना वाटतं मला शिक्षा झाली. झालीच आहे. पण खिडकीतून माणूस दिसतो. बावीस वर्षांत मी माणसं अशी पाहिली नव्हती, त्यांचे कणकण पाहत होते. परवा एक म्हातारी आपली बाटली रुमालात गुंडाळून घेऊन आली होती, थंडी लागू नये तशी. मी तिचं नाव तिला दोनदा विचारलं. चिडली. "एकदा सांगितलं की!" मी म्हटलं, "आजी, मी दोनदा विचारते."

सहा पिल्लांतली तीन उरली. दोन बगळ्याने आधीच नेली, तिसरं माझ्या डोळ्यांसमोर. मी बाकावरून उठले होते. पंपकाका म्हणाले, "बसा." बसले. कोंबडी ओरडत ओरडत त्याच जागी गोल फिरली, मग उरलेल्यांना घेऊन लव्हाळ्यात गेली. त्या दिवशी वहीत मी बगळ्याचंही सगळं लिहिलं, मान कशी मागे घेतली ते, गिळताना गळा कसा जाड झाला ते. गाळलं नाही काही.

भावोजी म्हणाले तू थोडं जेवतेस आता. एवढंच पुरे आहे मला.

धाकटी

८ जून

धाकटे,

तुझी आठही पत्रं मी काल दुपारी एका दमात वाचली. सात होती म्हणायचं असेल तर मोजून बघ, एक तू दोन पाकिटांत घातलं होतंस, अर्धं पान दुसऱ्यात. वेंधळी ती वेंधळीच.

आधी फोडली नाहीत कारण मला वाटलं तू माफी मागत असशील आणि मला माफ करायला ताकद नव्हती. उलटी करायलाही नव्हती. परवा लेक म्हणाली, "आई, मावशीने मला मार्चमध्ये फोन केला होता," आणि काय बोललीस ते सांगितलं. दोन महिने तिने ते पोटात ठेवलं. ती तुझ्यावर अजून रागावलेली आहे आणि मी तिला रागावू नको म्हणणार नाही. तिचा राग तिचा आहे.

माझं ऐक. त्या दिवशी मी बाकावर बसले होते आणि समोर भिंतीवर घड्याळ होतं. तू आत गेलीस आणि बाहेर आलीस. चार मिनिटं. येण्याजाण्याचा वेळ धरून. आदल्याच आठवड्यात जेवताना तू मला फुशारकीने सांगितलं होतंस की तुला एका काचेला सहा मिनिटं लागतात आणि बाकीच्यांना आठ. मला गणित येतं. तू "काही नाही, चल" म्हणालीस तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मला कळलं होतं. मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. मलाही तेच ऐकायचं होतं. आपण पडद्याचं कापड घेतलं, निळं, आठवतं? मला ते आवडलंही नव्हतं.

दुसरं. त्याच्या पुढच्या वर्षी मार्चमध्ये मला रक्त दिसलं. पाळी बंद होऊन तीन वर्षं झाली होती. ऑक्टोबरपर्यंत मी कुणाला बोलले नाही. सात महिने. दर वेळी मनात म्हणायचे, बहिणीने पाहिलंय, सही आहे तिची. तुझी सही मी गळ्यातल्या ताईतासारखी वापरली. हे मी ह्यांना सांगितलं नव्हतं, लेकीला नाही, डॉक्टरांना नाही. सगळ्यांचा राग तुझ्यावर जाताना बघत बसले आणि माझ्यावर कुणी रागावलं नाही. काल संध्याकाळी दोघांना बसवून सांगितलं. हे उठून गॅलरीत गेले. लेक रडली, मग माझ्यावर ओरडली, मग चहा केला.

म्हणून तुला माफ केलं असा अर्थ काढू नकोस. घाईने अर्थ काढायची तुझी खोड आहे. एखाद्या दिवशी मला इतका राग येतो की भिंतीकडे तोंड करून पडते. एखाद्या दिवशी तो नसतोच. त्या बसवाल्या बाईचं वाचून मात्र मी बराच वेळ पत्र हातात धरून बसले. ती तीच असो नाहीतर दुसरी. पोरं शाळेत जातील.

येत्या सोमवारी माझं मोठं स्कॅन आहे. डोस संपले, आता काय उरलंय ते कळेल. लेकीला सुट्टी नाही आणि ह्यांना दवाखान्यात शिरलं की घाम फुटतो, त्यांना सांभाळायला आणखी एक माणूस लागतं. तू ये. रविवारी दुपारपर्यंत पोहोच. सोमवारी माझ्याबरोबर आत येऊन बस, डॉक्टर काय म्हणतात ते पूर्ण ऐक आणि मला घरी आल्यावर जसंच्या तसं सांग. कमी नाही, जास्त नाही. चांगलं असेल तर चांगलं, नसेल तर नाही.

बेल वाजवल्यावर दार मीच उघडणार आहे, ह्यांना सांगून ठेवलंय. वजन सत्तेचाळीसवर आलं आहे. केस नाहीत, भुवयाही नाहीत, आणि स्कार्फ मी घरात बांधत नाही, उकडतं. मला ओळखायला तुला थोडा वेळ लागेल. लागू दे. दारात उभी राहा, हवा तेवढा वेळ घे. फक्त नजर फिरवू नकोस.

ताई